फाइल सर्व्हरवर पोहोचते कशी?

ऑनलाइन अर्जासोबत छायाचित्र किंवा गुणपत्रिका जोडून आपण ‘सबमिट’चे बटण दाबतो, तेव्हा ब्राउझर त्या फाइलचे जणू पुडके बांधून ‘एचटीटीपी’च्या नियमांनुसार ते सर्व्हरकडे रवाना करतो. पुडके बांधण्याची ही रीत झेरॉक्स कंपनीतील ई. नेबेल व एल. मॅसिंटर यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये ‘आरएफसी १८६७’ या दस्तऐवजात मांडली. २०१५ च्या ‘आरएफसी ७५७८’ मध्ये तिचे सुधारित रूप आहे.

पुडक्याची रचना

फाइल ‘पोस्ट’ प्रकारच्या विनंतीतून जाते. फॉर्ममधील मजकूर पाठवण्याची नेहमीची पद्धत येथे गैरसोयीची ठरते. कारण साध्या अक्षर-अंकांखेरीज बहुतेक प्रत्येक बाइट तीत टक्क्याच्या चिन्हासह तीन बाइटांत लिहावा लागतो. त्यामुळे ‘मल्टिपार्ट फॉर्म-डेटा’ हा प्रकार वापरतात. यात प्रत्येक रकान्याचा स्वतंत्र भाग असतो आणि दोन भागांमध्ये ‘बाउंडरी’ ही सीमारेषा. ही अक्षरमालिका फाइलमध्ये कोठेही येता कामा नये. भागाच्या आरंभी रकान्याचे नाव, फाइलचे नाव व प्रकार. मग एक रिकामी ओळ आणि त्यानंतर फाइल जशीच्या तशी.

नेहमीच्या चुका

फॉर्मच्या ‘एन्कटाइप’मध्ये हा प्रकार नमूद केला नाही, तर सर्व्हरला फाइलऐवजी केवळ तिचे नाव मिळते. कोडमधून विनंती पाठवताना ‘कंटेंट-टाइप’ हाताने लिहिल्यास बाउंडरी गळते आणि सर्व्हरला भाग वेगळे करता येत नाहीत. हे काम लायब्ररीवर सोपवणेच इष्ट. आकाराचेही बंधन असते. पीएचपीमध्ये एका फाइलची मूळ मर्यादा २ एमबी आहे. विनंती फार मोठी असल्यास सर्व्हर ‘४१३’ हा संकेतांक देऊन ती नाकारू शकतो.

विश्वास कशावर ठेवावा?

फाइलचे नाव आणि प्रकार हा पाठवणाऱ्याचा केवळ दावा असतो. छायाचित्र म्हणून आलेली फाइल प्रत्यक्षात प्रोग्रॅम असू शकते. ती संकेतस्थळाच्या खुल्या फोल्डरमध्ये जाऊन सर्व्हरने चालवली, तर इतर अर्जदारांची कागदपत्रेही परक्या हाती पडू शकतात. म्हणून आतील मजकूर तपासावा, फाइलला सर्व्हरनेच नवे नाव द्यावे आणि ती खुल्या फोल्डरबाहेर ठेवावी. प्रवासातील गोपनीयतेसाठी ‘एचटीटीपीएस’ हवेच. मात्र आलेली फाइल निर्धोक आहे, याची हमी ते देत नाही.