पान्हा, गाय आणि कागदी पिशव्या

शनिवार दुपार. लेक झोपलीये, म्हणजे माझ्याकडे साधारण चाळीस मिनिटं आहेत. आज सॉफ्टवेअर वगैरे काही नाही, थेट दुधाबद्दल लिहिणार आहे. ज्यांना अवघडल्यासारखं होईल त्यांनी पुढच्या शनिवारी या!

झालं असं, की बाळंतपणानंतर पाचव्या आठवड्यात पहिल्यांदाच एकटी बाहेर पडले. बँकेच्या रांगेत मागे कुणाचं तरी बाळ रडलं आणि दोन मिनिटांत माझा फिकट पिवळा कुर्ता समोरून ओला. पाठीवरची सॅक छातीशी धरून घरी आले आणि ढसाढसा रडले. आई म्हणाली, "अगं, पान्हा फुटलाय, नळ नाही फुटला!"

पण माझं डोकं इंजिनिअरचं. बाळ दुसऱ्याचं, मग दूध माझं का यावं? शोधायला बसले आणि भन्नाट इतिहास हाती लागला.

१९१० साली ऑट आणि स्कॉट यांनी शेळीला पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क टोचला, तर दूध वाहू लागलं. १९४१ मध्ये ईली आणि पीटरसन यांनी गाईच्या अर्ध्या कासेच्या नसा कापल्या, तरी त्या बाजूलाही पान्हा आलाच. म्हणजे निरोप वायरीतून नाही, रक्तातून जातो! मग त्यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं, कागदी पिशव्या फाडफाड फोडल्या. गाय घाबरली आणि तिने पान्हा चोरला.

खरी कमाल १९४८ ची. नाइल्स न्यूटन आणि तिचा डॉक्टर नवरा मायकेल यांनी हाच प्रयोग चक्क तिच्यावर केला. पाजताना कधी तिचे पाय बर्फाच्या पाण्यात, कधी अंगठे ओढायचे, कधी भराभर गणितं घालायची. एरवी बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळायचं, ते ९९ वर आलं. त्याच त्रासात पिट्युटरीच्या अर्काचं इंजेक्शन दिलं, तर पुन्हा १५३! म्हणजे दूध होतंच, फक्त दार बंद होतं.

ते दार उघडणारं रसायन म्हणजे ऑक्सिटोसिन. विन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी ते १९५३ मध्ये प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५ चं नोबेल मिळवलं.

तर माझ्या कुर्त्याचा उलगडा असा: रडणं ऐकलं की मेंदू ऑक्सिटोसिन सोडतो. ते रक्तातून जातं, म्हणून एका बाजूला पाजताना दुसरीही गळते. बाळ कुणाचं, हे तो तपासत बसत नाही. (व्हॅलिडेशन नाही, दुसरं काय!) बहुतेकींचं हे काही आठवड्यांत कमी होतं.

तोवर माझी सोय: आईच्या जुन्या सुती साडीच्या घड्या, ओल्या झाल्या की लगेच बदलायच्या. गडद छापील कुर्ते. आणि चुणचुण सुरू झाली की हाताची घडी घालून छातीवर मिनिटभर दाबून धरायचं. गंभीर चर्चा चाललीये असंच लोकांना वाटतं!

एक सल मात्र गेला. रात्री दूध उतरत नाही म्हणून मी घाबरायचे, आणि घाबरले की अजूनच उतरायचं नाही. मला वाटायचं, मीच कमी पडतेय. आता वाटतं, आपल्याही पाठीवर कुणीतरी मांजर ठेवलंय. आधी ते उतरवायचं.

उठली वाटतं. आणि हो, कुर्ता गेलाच.