सीमास्तर, वातावरणीय : उंचीचे उपग्रहांद्वारा मापन
भूपृष्ठाच्या तापण्या-निवण्याचा परिणाम ज्या थरात तासा-दोन तासांत जाणवतो, त्या वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरास वातावरणीय सीमास्तर म्हणतात. त्याची उंची ठरीव नसते. यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या जमिनीवर मे महिन्यात दुपारी तापलेली हवा वर चढत जाऊन हा थर 3 किमी. किंवा त्याहूनही उंच होतो. उलट हिवाळ्यात पहाटे तो काही शेकडा मी., कित्येकदा त्याहूनही कमी राहतो. भूपृष्ठावरील धूर, धूळ व बाष्प प्रामुख्याने याच थरात मिसळतात. त्यामुळे 3,000 मी. उंचीच्या थरात जेवढा धूर विरून जातो, तेवढाच 300 मी. च्या थरात कोंडला, तर त्याची संहती सु. दहापट होते. वणी परिसरातील कोळशाच्या खाणींची धूळ किंवा वेचणी संपल्यावर शेतात जाळलेल्या पऱ्हाट्यांचा धूर श्वासावाटे किती घेतला जाईल, हे म्हणूनच पुष्कळ अंशी या उंचीवर अवलंबून असते.

सीमास्तराची कल्पना लूटव्हिख प्रांट्ल यांनी 1904 मध्ये द्रायूंच्या प्रवाहासंबंधी मांडली आणि नंतर ती वातावरणास लावण्यात आली. महाराष्ट्रात या विषयाचा आरंभ जमिनीलगतच्या हवेपासून झाला. पुणे येथे 1932 मध्ये स्थापन झालेल्या कृषी मौसमविज्ञान शाखेचे प्रमुख एल्. ए. रामदास यांनी त्याच वर्षी एस्. आत्मनाथन् यांच्यासह एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली : निरभ्र, निवांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते, तर काही सेंमी. वर असते. हा निष्कर्ष प्रारंभी अनेकांना मान्य झाला नाही. पुढे तो ‘रामदास स्तर’ या नावाने ओळखला गेला. 1940 नंतरच्या दशकात पुणे व दिल्ली येथे भारतीय बनावटीचे रेडिओसाँड तयार झाले आणि फुग्यांच्या साहाय्याने उंचीनुसार तापमान व आर्द्रता नित्य मिळू लागली. भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने (स्थापना 1962) 1986 पासून पुण्यात लिडारने वायुविलयांचे वेध घेण्यास सुरुवात केली.

फुग्यांची अडचण स्थळाची आहे, तशीच वेळेचीही. यवतमाळला सर्वांत जवळचे नित्य उच्च वातावरणीय वेधस्थान नागपूर असून ते सरळ रेषेत सु. 130 किमी. दूर आहे; पुसद, उमरखेड हे तालुके तर त्याहूनही लांब. नित्य वेधांच्या आंतरराष्ट्रीय वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी व सायंकाळी 5·30 च्या आहेत. म्हणजे थर जेव्हा सर्वाधिक उंच असतो, ती दुपारच नेमकी निसटते. ही उणीव भरून काढण्याची अपेक्षा उपग्रहांकडून केली गेली.

अवकाशातून पहिला उल्लेखनीय प्रयोग सप्टेंबर 1994 मध्ये ‘डिस्कव्हरी’ या अवकाशयानावरील ‘लाइट’ या लिडारने केला. एप्रिल 2006 मध्ये सोडलेल्या अमेरिका व फ्रान्स यांच्या ‘कॅलिप्सो’ उपग्रहाने हे काम 2023 पर्यंत चालविले. लिडारमधून सोडलेला लेसर प्रकाशाचा स्पंद वायुविलयांवरून प्रकीर्णित होऊन परत येतो. सीमास्तरात धूळ अधिक व त्यावर हवा स्वच्छ असल्याने जेथे परतणारा प्रकाश एकदम क्षीण होतो, तेथे थराचा माथा मानतात. कॅलिप्सोचे खालच्या वातावरणातील उभे पृथक्करण 30 मी. होते आणि तो दुपारी दीडच्या सुमारास जात असल्याने वेळही सोयीची होती. मात्र तो पायाखालची एक अरुंद रेषाच पाहत असे. त्याच मार्गावर तो 16 दिवसांनी परते आणि यवतमाळच्या अक्षांशावर शेजारच्या दोन दिवसकालीन मार्गांत सु. 160 किमी. अंतर राही, सबब संपूर्ण जिल्ह्याच्या वाट्यास असा एखाद-दुसराच मार्ग येई. शिवाय दुपारच्या सूर्यप्रकाशाने संकेतात गोंधळ होतो, आदल्या दिवशीचा वर राहून गेलेला धुळीचा थर फसवितो आणि पावसाळ्यात तर जाड ढगांखालचे काहीच दिसत नाही.

दुसरी पद्धत रेडिओ पिधानाची होय. दिक्चालन उपग्रहाचे रेडिओ तरंग क्षितिजाआड जाताना वातावरणात वाकतात; त्या वक्रीभवनावरून हवेची स्तररचना कळते. सीमास्तराच्या माथ्यावर दमट हवा संपून कोरडी हवा सुरू होते व वक्रीभवनांक झपाट्याने उतरतो. ढगांचा येथे अडथळा नाही. एप्रिल 2006 मध्ये सोडलेल्या ‘कॉस्मिक’ या सहा उपग्रहांच्या समूहाने अशी हजारो निरीक्षणे पुरविली. 2009 मध्ये आंध्र प्रदेशातील गादंकी येथील फुग्यांच्या वेधांशी त्यांची तुलनाही करण्यात आली. परंतु प्रत्येक निरीक्षण आडव्या दिशेत सु. 200 किमी. पट्ट्याची सरासरी असते. त्यात यवतमाळचे पठार व वर्धा नदीचे खोरे वेगळे ओळखता येत नाहीत. पुष्कळ निरीक्षणे तर जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. भारताच्या इन्सॅट-3डी (2013) वरील ध्वनित्र संपूर्ण देशावरील तापमान व आर्द्रता वारंवार देत असे, तथापि त्याचे उभे पृथक्करण इतके स्थूल होते, की थराचा नेमका माथा त्यातून काढणे कठीणच.

व्यवहारात म्हणून उपग्रह, फुगे व प्रतिमाने यांचा मेळ घालून उंची काढतात; यूरोपीय ‘इरा-5’ या पुनर्विश्लेषणात ती दर तासाला, सु. 31 किमी. जालकावर मिळते. भारतीय मौसमविज्ञान विभागाने 2008 मध्ये देशातील मिश्रण उंचीचा तासवार नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. मे 2024 मध्ये सोडलेल्या यूरोप व जपान यांच्या ‘अर्थकेअर’ वरील लिडारही दुपारी दोनच्या सुमारासच जातो. वणीचा धूर जेव्हा सर्वांत खाली कोंडलेला असतो, त्या हिवाळी सकाळच्या 6 ते 8 या वेळेत मात्र नव्हे.