आयत्या वेळचे भाषण

नोकरीत असताना एकदा भरल्या बैठकीत साहेब एकदम माझ्याकडे वळले आणि म्हणाले, ‘‘तुम्ही बोला.’’ एका सहकाऱ्याच्या बदलीचा विषय होता. त्याची घरची अडचण आणि कामाची हातोटी, दोन्ही मला चांगली ठाऊक होती. पण तयारी नव्हती. ‘‘उद्या टिपण देतो’’ असे पुटपुटून मी खाली बसलो. निर्णय मात्र त्याच दिवशी झाला. सहकारी गेला, आणि माझे टिपण टेबलावरच राहिले.

पुढे संविधान सभेच्या कामकाजाचे खंड वाचताना १७ डिसेंबर १९४६ या तारखेपाशी मी थबकलो. सभा भरून जेमतेम आठवडा झाला होता. मुस्लिम लीगने बहिष्कार घातला होता. नेहरूंनी १३ तारखेला उद्दिष्टांचा ठराव मांडला होता. लीगचे आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत तो लांबणीवर टाकावा, अशी बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांची दुरुस्ती होती. तिला कडाडून विरोध होत होता. अशा तापलेल्या सभेत अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी अचानक नाव पुकारले : डॉ. आंबेडकर.

बाबासाहेब उठले आणि त्यांनी सरळ सांगून टाकले, की आपल्याआधी वीस-बावीस नावे असल्याने आपली पाळी उद्या येईल असे वाटले होते; आज आपण तयारीविना आलो आहोत. त्यातच वेळ दहा मिनिटांचा. सबब म्हणून हे सांगून ते खाली बसले नाहीत. पुढच्याच वाक्यापासून त्यांनी मुद्द्याला हात घातला.

आधी त्यांनी ठराव तपासला : हक्क सांगितले आहेत, पण ते मोडले गेले तर दाद मागण्याचा उपाय कुठे आहे? मग ते मुख्य गोष्टीकडे वळले. आज आपण परस्परांशी झगडणाऱ्या छावण्यांत विभागलो आहोत आणि अशा एका छावणीचा पुढारी बहुधा मीही आहे, अशी कबुली त्यांनी दिली. तरीही हा देश एक होईल, हा विश्वास बोलून दाखवला. हा ठराव करण्याचा सभेला अधिकार आहे की नाही, हा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला. असे करणे शहाणपणाचे आहे का, एवढेच त्यांनी विचारले. अधिकार वेगळा आणि शहाणपण वेगळे! बळाच्या मर्यादा सांगताना त्यांनी एडमंड बर्कचा आधार घेतला.

ज्या काँग्रेसशी वर्षानुवर्षे वाद घातला, तिचेच सभासद त्या दिवशी कान देऊन ऐकत होते. ठरावावरचा निर्णय पुढे ढकलला गेला आणि तो २२ जानेवारी १९४७ रोजी मंजूर झाला. हे एका भाषणाने घडले, असे मी म्हणणार नाही. परंतु फाळणीमुळे बंगालमधली जागा गेल्यावर त्याच काँग्रेसने बाबासाहेबांना मुंबईतून सभेवर निवडून आणले, आणि २९ ऑगस्ट १९४७ रोजी ते मसुदा समितीवर नेमले गेले.

मग ते भाषण खरोखरच तयारीविना होते का? त्या दिवसापुरते होते. पण १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे दिलेली साक्ष, मुंबईच्या कायदेमंडळातील वर्षे, गोलमेज परिषदा, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर खाते, ही सारी शिदोरी पाठीशी होती. कागद हातात नव्हता, एवढेच.

आपली शिदोरी अर्थातच लहान. पण रोजच्या कामाचा विषय आपल्यालाही ठाऊक असतोच. ‘‘तयारी नाही, पण मला माहीत आहे ते सांगतो,’’ असे म्हणून मी त्या बैठकीत दोनच वाक्ये बोललो असतो, तर निर्णय कदाचित बदललाही नसता. पण त्या सहकाऱ्याच्या बाजूने कुणीतरी बोलले, एवढे तरी घडले असते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)