पडद्याआडचा तपास

नॉर्वेच्या ॲन होल्ट यांनी 1993 मध्ये आपल्या पहिल्या कादंबरीत हॅने विल्हेल्मसेन ही पोलीस अधिकारी उभी केली. होल्ट स्वतः वकील, पुढे त्या देशाच्या न्यायमंत्रीही झाल्या. तिकडच्या गुन्हेकथांत बाईने तपास करणे आता नेहमीचे झाले आहे. आपल्याकडे मात्र ही गरज शंभर वर्षांपूर्वीच निर्माण झाली होती. कारण होते पडदा.

सुजाता मॅसी यांची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ ही 2018 ची इंग्रजी कादंबरी 1921 च्या मुंबईत घडते. ओमर फरीद या गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात. तिघींनी आपला हक्क वक्फला दिल्याचे कागद येतात. एकीच्या सहीच्या जागी नुसती फुली! परवीन मिस्त्री या पारशी वकील तरुणीला संशय येतो. परपुरुषाला जनान्यात प्रवेश नाही, म्हणून तीच आत जाते आणि एकेकीशी वेगळी बोलते. पुढे खूनही होतो, पण कथेचे मूळ त्या सहीत आहे.

परवीनमागे खऱ्या स्त्रिया आहेत. त्यांतल्या एक कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, 1866 चा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. 1892 मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पदवी मिळायला 30 वर्षे लागली. 1896 मध्ये पुण्यात खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीची बाजू त्यांनी मांडली. 1904 मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. पडद्यातल्या हिंदू-मुस्लीम स्त्रियांच्या इस्टेटीचे तंटे समजून घेणे, त्यांचे म्हणणे सरकारपर्यंत नेणे हे त्यांचे काम. राजकारणात त्या इंग्रजांच्या बाजूच्या, गांधीजींच्या विरोधक. ते पटत नसले तरी हे काम नाकारता येत नाही.

कायद्यालाही हा प्रश्न कळला होता. 1867 च्या बझलूर रहीम विरुद्ध शमसुन्निसा बेगम या खटल्यात पत्नीचे सरकारी रोखे आपण विकत घेतले, असे पतीचे म्हणणे होते. प्रिव्ही कौन्सिलने पुराव्याचा भार पतीवर टाकला. पडद्यातल्या बाईची सही पुरेशी नाही. व्यवहार तिला समजला होता हे लाभ घेणाऱ्याने सिद्ध करावे, हे तत्त्व त्यातून रुजले.

शरीयतने मेहरची रक्कम पत्नीच्या मालकीची ठरवली. पण हक्क असणे वेगळे आणि तो कागदावर काय लिहिला आहे हे समजणे वेगळे. जुळे सोलापुरात मराठी माध्यमात शिकलेल्या कितीतरी मुलींना निकाहनाम्यातली उर्दू वाचता येत नाही. त्यात मेहरचे दोन प्रकार असतात. एक मागताक्षणी द्यायचा, दुसरा तलाक किंवा मृत्यूनंतर द्यायचा. दोन्ही शब्द कानाला जवळजवळ सारखेच, मुअज्जल आणि मुवज्जल. उर्दू लिपीत फरक एका अक्षराचा. पहिल्यात ‘ऐन’ असतो, दुसऱ्यात हमजा घेतलेला ‘वाव’.

आता पडदा भिंतीचा राहिलेला नाही, लिपीचा आहे. सही करण्याआधी मुलीला तो मजकूर मराठीत समजावून सांगायला पाच मिनिटे लागतात. काझीसाहेबांनी, वडिलांनी, मावशीने, कोणीही सांगावे. आणि कोणी सांगत नसेल, तर मुलीने स्वतः विचारावे.