मीठ टिपणारा कार्बन : अर्धवट राहिलेल्या एका शोधाचा इतिहास

१/
एक लिटर मचूळ पाण्यात मीठ असते जेमतेम दोन-चार ग्रॅम. बाकी सारे पाणीच. तरीही ते गोडे करण्याचा जुना मार्ग म्हणजे सगळे पाणी उकळून वाफ गोळा करणे. चिमूटभर मिठासाठी एवढे इंधन? त्याऐवजी पाण्यातून केवळ मीठच उचलता आले तर?

२/
१९५२ मध्ये अमेरिकेत क्षारजलाविषयीचा कायदा झाला आणि या संशोधनाला सरकारी पैसा मिळू लागला. १९६० मध्ये ब्लेअर व मर्फी यांनी सच्छिद्र कार्बनच्या विद्युतअग्रांनी क्षार काढण्याची पद्धत मांडली. पुढील दशकभर ओक्लाहोमा विद्यापीठात मर्फींच्या गटाने ती वाढवली.

३/
रचना साधी होती. कार्बनची दोन विद्युतअग्रे, त्यांमधून वाहणारे पाणी आणि सुमारे एक व्होल्टचा दाब. सोडियमचे आयन ऋण अग्राकडे जात, क्लोराइडचे धन अग्राकडे. टिपकागद शाई टिपतो तसा कार्बन मीठ टिपत असे. तो भरला की वीज काढून मीठ थोड्या पाण्यात सोडायचे आणि पुन्हा आरंभ करायचा.

४/
पण आयन कार्बनला धरून का राहतात? कार्बनच्या पृष्ठभागावरील विशिष्ट रासायनिक गट त्यांना बांधून ठेवतात, अशी आरंभीची समजूत होती. ती चुकीची होती. आणि तिच्यामुळे संशोधकांचे लक्ष योग्य रासायनिक गुणांचा कार्बन शोधण्याकडे वळले.

५/
१९७१ मध्ये जॉन्सन व न्यूमन यांनी वेगळे चित्र मांडले. आयन बांधले जात नाहीत. विद्युतभाराच्या ओढीने ते छिद्रांच्या भिंतीलगत केवळ गोळा होतात. भिंतीलगतच्या अशा दुहेरी थराची कल्पना हेल्महोल्ट्झने १८५३ मध्येच मांडली होती. म्हणजे हे उपकरण मुळात एक कपॅसिटर होते.

६/
या निष्कर्षाचे महत्त्व मोठे होते. कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज परत मिळवता येते! मीठ सोडताना बाहेर येणारी ऊर्जा पुढील फेरीसाठी वापरणे तत्त्वतः शक्य होते. मात्र तेव्हाची विद्युतअग्रे टिकाऊ नव्हती. काम मंदावले.

७/
त्याच काळात लोब आणि भारतीय वंशाचे सूरीराजन यांच्या पटलामुळे रिव्हर्स ऑस्मॉसिस पुढे सरसावले. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोअलिंगा गावात त्यावर चालणारा प्रकल्प सुरूही झाला. कार्बनची पद्धत मागे पडली; इस्राएलमध्ये ओरेन व सोफर यांच्यासारख्या मोजक्यांनी तिचा अभ्यास चालू ठेवला.

८/
पुनरुज्जीवन झाले ते नव्या पदार्थामुळे. पेकाला यांच्या १९८९ च्या संशोधनातून कार्बन एरोजेलचा मार्ग खुला झाला. त्याच्या एका ग्रॅममध्ये शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग सामावतो. १९९६ मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत फार्मर यांच्या गटाने त्यावर आधारित उपकरणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

९/
पण मोठा पृष्ठभाग म्हणजे कमी वीज नव्हे. छिद्रांत आधीपासूनच दोन्ही प्रकारचे आयन असतात. वीज देताच एक आयन आत ओढला जातो आणि दुसरा बाहेर ढकलला जातो. ढकलण्यात खर्चलेल्या विजेने पाण्यातील मीठ मुळीच कमी होत नाही.

१०/
२००० नंतर यावर उपाय आला : विद्युतअग्रापुढे एकाच प्रकारच्या आयनांना वाट देणारे पटल. नको असलेला आयन आतच अडकतो. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक भार मीठ काढण्याच्या कामी येतो.

११/
उरलेली गळती वेगळ्या जागी होती. घाईने वीज दिली तर ती रोधामुळे उष्णतेत जाते; दाब फार वाढवला तर पाण्याचे विघटन होते आणि कार्बन झिजतो. म्हणून स्थिर प्रवाहाने, संथपणे भारण्याची पद्धत पुढे आली. २०१३ पर्यंत, मीठ सोडताना मिळणारी वीज परत घेण्याचे प्रयोगही यशस्वी झाले.

१२/
मर्यादा मात्र आहेच. इथे विजेचा खर्च काढलेल्या मिठाच्या प्रमाणात वाढतो. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेल्या समुद्राच्या पाण्यासाठी रिव्हर्स ऑस्मॉसिसच सरस ठरते. या पद्धतीचे खरे क्षेत्र म्हणजे मचूळ पाणी.

१३/
१९७१ मध्ये सिद्धान्त हाती होता, पण पदार्थ नव्हता. १९९६ मध्ये पदार्थ आला, पण विजेचा हिशेब पुरा नव्हता. एखादी कल्पना मागे पडली म्हणजे ती चुकीचीच होती, असे नव्हे. कधी कधी तिच्या वाट्याचे उरलेले काम पुढच्या पिढीकडे असते.