बिब्ब्याचा स्वभाव

होमिओपॅथीच्या कुठल्याही जाडजूड ग्रंथात अ‍ॅनाकार्डियम ओरिएंटाले या औषधाचे पान उघडले की औषधापेक्षा एका माणसाचेच वर्णन वाचतो आहोत असे वाटते. त्याची स्मरणशक्ती ऐनवेळी दगा देते. स्वतःवरचा भरवसा उडालेला असतो. एक मन म्हणते कर, दुसरे म्हणते करू नको. तो चटकन चिडतो, शिव्या देतो. अंगात कुठेतरी खुंटी ठोकली आहे असे त्याला वाटते, पोट रिकामे झाले की दुखते आणि चार घास पोटात गेले की थांबते. शिवाय कातडीला जीवघेणी खाज. परीक्षेच्या धसक्याने पाठ केलेले विसरणाऱ्या मुलांना आपल्याकडे याच औषधाच्या साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या दिल्या जातात. डबीवरचे हे भारदस्त नाव म्हणजे पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरउतारांवर हिवाळ्यात पिकणारा काळाभोर बिब्बा. माझे म्हणणे असे, की या औषधाचा ग्रंथातला 'स्वभाव' हा जर्मनीत लागलेला नवा शोध नव्हे. बिब्बा हाताळणाऱ्यांनी आणि त्याने पोळलेल्यांनी हजारभर वर्षांत जे सांगून ठेवले, त्याचीच ती बरीचशी फेरमांडणी आहे.

आधी फळाकडे पाहू. पोपटाच्या चोचीसारख्या रंगाचा, मांसल, खाता येण्याजोगा देठ आणि त्याच्या टोकाला हृदयाच्या आकाराचे चकचकीत काळे बी, अशी बिब्ब्याची घडण असते. काजूचीही घडण तशीच, कारण दोघे एकाच कुळातले. आंबाही त्याच कुळातला. बियाच्या टरफलात दाट, चिकट तेल असते आणि त्याच्या आत गोडंबी. ही गोडंबी बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात पडते, आणि तिच्याभोवतीच्या तेलाचा थेंब अंगावर पडला तर कातडी फोडांनी भरून येते. त्याला आपण बिब्बा उतणे म्हणतो. अन्न आणि विष यांच्यात एका टरफलाचे अंतर असलेला हा पदार्थ वापरायचा तर हात बेताने चालवावा लागतो. सातारा-सांगलीकडच्या घरांत, परटाकडे आणि वैद्याकडे बिब्ब्याच्या ज्या चालीरीती होत्या, त्या सगळ्या या बेताच्या चालीरीती होत्या.

परटाचे काम सगळ्यांत सोपे. बियाला टोचून निघालेल्या रसाने धोतराच्या किंवा सदऱ्याच्या कोपऱ्यावर गिऱ्हाइकाची खूण करायची आणि तिच्यावर चुना लावायचा. तपकिरी डाग काळा पडतो आणि कापड फाटेपर्यंत धुतला जात नाही. वैद्याचे काम नाजूक. चरकाने रसायनाच्या अध्यायात भल्लातकाचे, म्हणजे बिब्ब्याचे, जे प्रयोग सांगितले आहेत, त्यांत दहा बियांपासून सुरुवात करून तिसांपर्यंत चढायचे आणि तसेच उतरायचे असा क्रम आहे, आणि काढा घेण्याआधी तोंडाला आतून तूप लावायची सक्त सूचना आहे. घरगुती रीत त्याहून साधी: बी सुईला टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरायचे, तेल सुटू लागले की ते थेंब थेंब खालच्या दुधात पडू द्यायचे, थेंब मोजायचे आणि ओठांना तूप लावून ते दूध प्यायचे. औषधात घालण्याआधी बिया विटेच्या भुकटीत घोळून त्यांचे तेल कमी करण्याची वैद्यांची रीतही याच जातीची. साताऱ्यात 1916 साली आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय निघाले आणि आयुर्वेदाला आधुनिक वैद्यकाच्या शेजारी बसवून शिकवायचा प्रयत्न झाला. पण बिब्ब्याचा धाक त्या शिकवणीहून जुना आहे आणि आजच्या कायद्यानेही तो मानला आहे: औषधांच्या नियमावलीत आयुर्वेदाच्या विषारी द्रव्यांची जी यादी आहे, तिच्यात धोतरा, बचनाग आणि कुचल्याबरोबर बिब्बाही आहे.

आता स्मरणशक्तीचे प्रकरण. भारतातून बिब्बा अरबी वैद्यकात गेला तो बलादुर या नावाने, आणि स्मृती वाढवणारे औषध म्हणून त्याचा बोलबाला झाला. दहाव्या शतकात कैरवानच्या इब्न अल-जज्जारने विसरभोळेपणावर लिहिताना त्याचा विचार केला आहे. पण त्याच परंपरेत धोक्याची सूचनाही आहे, की याने माणूस भ्रमिष्ट आणि उदास होतो. नवव्या शतकातला बगदादचा इतिहासकार अल-बलाजुरी याचे नावच या बियावरून पडले. त्याने (किंवा त्याच्या आजोबाने, असाही एक पाठ आहे) हे औषध घेतले आणि त्यातच त्याची बुद्धी गेली, अशी आख्यायिका आहे. युरोपात याचा पाक 'शहाण्यांचा पाक' म्हणून विकला जाई. वरचेवर घेऊन लोक स्मृती आणि अक्कल दोन्ही गमावू लागले, तेव्हा एका वैद्याने त्याला 'मूर्खांचा पाक' म्हटले. होमिओपॅथीचा जनक हानेमान याने आपल्या 'जुनाट रोग' या ग्रंथात अ‍ॅनाकार्डियमची ओळख करून देताना ही जुनी हकीकत स्वतःच नोंदवली आहे. म्हणजे विसरणारा, चिडणारा, दोन मनांचा माणूस त्याच्याआधीच लिखाणात वावरत होता.

यावर होमिओपॅथ म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही, की हानेमान ऐकीव गोष्टींवर थांबला नाही; त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना औषध देऊन उठणारी लक्षणे टिपली, म्हणजे 'सिद्धता' घेतली. ठोकलेली खुंटी आणि खाल्ल्यावर थांबणारी पोटदुखी ही लक्षणे तिथूनच आली असावीत. जुन्या वैद्यकात ती ठळक नाहीत, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे. पण ज्याला बलादुरची कथा आधीच ठाऊक आहे, तो सिद्धता घेताना स्मृतीबद्दल विचारणारच, आणि विचारले की उत्तर मिळतेच. कोणाला काय दिले हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला कळू न देण्याची शिस्त तेव्हा रुळलेली नव्हती. कातडीच्या लक्षणांसाठी तर सिद्धतेची गरजच नव्हती. ती परटाला विचारली असती तरी चालले असते. 1943 साली भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर चट्टे उठू लागले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी शोधून काढलेले कारण कपड्यांवरच्या बिब्ब्याच्या खुणा हेच होते.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो: तीस शक्तीच्या, म्हणजे तीसदा पातळ केलेल्या, गोळीत बिब्बा उरतोच कुठे, मग तिचा आणि आपल्या बिब्ब्याचा संबंध काय? रसायनशास्त्राच्या हिशेबाने बारा शक्तीच्या पुढे मूळ पदार्थाचा एखादा कण सापडणेही मुश्कील, आणि अशी गोळी स्मरणशक्ती सुधारते हे पटण्याजोगे कुठल्या चाचणीत सिद्ध झालेले नाही. चरकाच्या प्रयोगालाही मी आजच्या अर्थाने सिद्ध म्हणणार नाही. पण इतिहासाला हा आक्षेप उपयोगीच पडतो. वैद्य थेंब मोजत होता, परीट डाग टिकलीएवढा ठेवत होता. दोघांनाही बिब्बा हवा होता, फक्त बेताने. होमिओपॅथीने बेताचा प्रश्न पदार्थच काढून टाकून सोडवला आणि वर्णन तेवढे ठेवले. म्हणूनच मिरजेच्या होमिओपॅथिक महाविद्यालयातला विद्यार्थी अ‍ॅनाकार्डियमची लक्षणे बिब्ब्याला हात न लावताही पाठ करू शकतो.

बिब्बा काही एकट्या सातारा-सांगलीचा नाही. हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेपर्यंत तो उगवतो, आणि बगदादला गेलेली बी कृष्णा-कोयनेकाठचीच होती असा दावा करणे हास्यास्पद होईल. इथे पाहण्यासारखे आहे ते हे, की सुई, दिवा, चुना आणि तूप यांनी बांधलेला वापर कसा मोडला. बाजारातली पक्की शाई आणि शिवलेल्या चिठ्ठ्या आल्यावर परटाची खूण गेली, डॉक्टर आल्यावर दुधातले थेंब गेले. उरल्या त्या दोन गोष्टी: ट्रकच्या आणि दुकानाच्या तोंडाला लिंबू-मिरचीबरोबर दोऱ्यात ओवलेला बिब्बा, आणि गोळ्यांची डबी. दोन्हींत बिब्ब्याचा रस कोणाच्या अंगाला लागत नाही. तो लागतो विदर्भात गोडंबीसाठी बिबे फोडणाऱ्या बायकांच्या हातांना. लाडवातली गोडंबी सोललेली मिळते ती त्यांच्यामुळे.

पोलीस आणि न्यायवैद्यक यांनीही हा रस विसरलेला नाही. खोट्या मारहाणीच्या फिर्यादीत अंगावर बिब्बा चोळून वळ दाखवण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकापासून वैद्यक-न्यायाच्या पुस्तकांत नोंदलेली आहे, आणि डॉ. जयसिंग मोदी यांच्या 1920 सालच्या ग्रंथापासून पुढच्या पिढ्या ती शिकत आल्या आहेत. खरा वळ दिवसागणिक निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा होतो. बिब्ब्याचा वळ गडद तपकिरी राहतो, कडेला बारीक पाण्याचे फोड येतात, आणि खाजवल्यामुळे तसेच फोड फिर्यादीच्या स्वतःच्या बोटांच्या टोकांवरही सापडतात.