योहान या नांवाची कुळकथा

वसईकडील आमच्या कित्येक कुटुंबांत पणजोबा जुआंव, आजोबा जॉन आणि नातू योहान असे तिघे सांपडतात. तिघांचें नांव एकच आहे, हें मात्र थोड्यांच्याच ध्यानांत येतें. त्यांत एखादा शेजारी सहज विचारतो, "तुमचीं नांवें परक्यांचीं कां?" आणि उत्तर न सुचून आम्ही गप्प बसतों. ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत तें उत्तर लिहून ठेवावें असें आम्हांस वाटलें.

हें नांव पोर्तुगालांत जन्मलें नाहीं व इंग्लंडांतहि नाहीं. तें आशियाखंडांतलें, यहुदी लोकांच्या हिब्रू भाषेंतलें. मूळ रूप योहानान. 'यो' हा परमेश्वराच्या नांवाचा संक्षेप आणि 'हानान' म्हणजे 'कृपा केली'. शमुवेलाची आई हन्ना हिचें नांव याच धातूचें. दोन अवयवांची अदलाबदल केली कीं हनन्या होतो. दमास्कसांत शौलावर हात ठेवून त्याला दृष्टि देणाऱ्या शिष्याचें नांव तेंच.

गंमत ही कीं, ज्या बालकामुळें हें नांव विशेष प्रसिद्धीस आलें, त्याच्या नामकरणाच्या वेळींच तें परकें ठरलें होतें! संत लूकच्या पहिल्या अध्यायांत ही कथा आहे. आठव्या दिवशीं सोयरेधायरे जमले व बापाचेंच नांव मुलाला ठेवूं लागले. एलिझाबेथ म्हणाली, योहान. तुमच्या कुळांत या नांवाचा कोणी नाहीं, असें सर्वांनीं बजावलें. बाप जखऱ्या मुका झालेला; त्यानें पाटी मागवून तेंच नांव लिहिलें, आणि त्याची वाचा मोकळी झाली. कुराणाच्या १९ व्या सूऱ्यांतहि हें बालक आहे. तेथें त्याचें नांव याह्या, आणि या नांवाचा पूर्वीं कोणी केला नव्हता असें तेथेंहि सांगितलें आहे. मुसलमान बंधूंच्या घरचा याह्या आमच्या योहानाचा असा नांवबंधु होय.

ग्रीकांनीं त्याचें योआन्नेस केलें, रोमकरांनीं योहान्नेस. पुढें इटलींत जोव्हान्नी, फ्रान्सांत जां, स्पेनांत हुआन, रशियांत इव्हान, आयर्लंडांत शॉन. पोर्तुगीजांच्या तोंडीं मधला 'न' गळाला व नाकांतला सूर तेवढा उरला, तोच जुआंव. गुजराथच्या बहादुरशहानें १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांस दिली, तेव्हां त्यांचा राजाहि याच नांवाचा होता. १७३९ सालीं त्यांचें राज्य येथून गेलें, नांव राहिलें. गोव्यांत २४ जूनला भर पावसांत विहिरींत उड्या टाकून सांजांव साजरा होतो, तो याच संताचा जन्मदिन.

जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत पूर्वज धुंडाळणारांनीं मात्र सर्व रूपें पाहावीं. 'जॉन' एवढेंच शोधून, "आमचे पणजोबा वहींत नाहींतच," असें म्हणत परत गेलेले लोक आम्ही पाहिले आहेत. पणजोबा दोन ओळी वरच, जुआंव म्हणून, होते.